बेचाळीस दिवस

तपासणीच्या टेबलावर पालथा पडलेला मुलगा सांगलीकडचा. बावीस वर्षांचा कबड्डीपटू, चढाईत नाव कमावलेला. आठवड्यापूर्वी बोनस घेऊन परत फिरताना उजव्या मांडीत मागच्या बाजूला ‘कट्’ असं काहीतरी झालं आणि मध्यरेषा गाठायच्या आत तो खाली बसला. आता गुडघ्यामागच्या खळीपर्यंत निळंकाळं रक्त उतरलं आहे. खुर्चीवर एमआरआयच्या फिल्मची पिशवी, शेजारी थोरला भाऊ. डॉक्टर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब मांडीवरून सावकाश खाली आणतात. पडद्यावर स्नायूचे धागे एकाला एक लागून, समांतर रेघांसारखे दिसतात. एका जागी त्या रेघा तुटतात आणि मध्ये काळा डाग येतो. ते साचलेलं रक्त. डॉक्टर प्रोब तिथंच थांबवतात. मुलगा मान वळवून पडदा बघतो आणि विचारतो, “सर, सुई दिली तर किती दिसात उभा ऱ्हाईन?”

पुण्यातल्या या क्रीडावैद्यकाच्या दवाखान्यात मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. धावपटू आले, फुटबॉल खेळणारी कॉलेजची मुलं आली, एक मल्ल आला. विचारण्याची तऱ्हा वेगळी, प्रश्न तोच. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घाई’ हा विषय दिला तेव्हा मला खेळाडूच्या शरीरात घुसणारी सुईच आठवली होती. गेल्या काही वर्षांत आखाड्यापासून आयपीएलपर्यंत ‘इंजेक्शन घेऊन उतरला’ हे वाक्य कौतुकानं उच्चारलं जातं. त्या सिरिंजमध्ये नेमकं काय असतं आणि फाटलेल्या स्नायूत गेल्यावर ते काय करतं, हे बघायला मी निघालो होतो.

रक्त फिरवून काढलेला पिवळा थेंब

सध्या ज्या सुईचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ती पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध केलेला, खेळाडूच्याच रक्तातला प्लाझ्मा. डेंगीच्या साथीत प्लेटलेट्स मोजायला आपण सगळेच शिकलो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीत त्यांची दाटी तीन-चार पटींनी वाढवलेली असते.

त्या दिवशी एका भालाफेकपटूच्या कोपराजवळच्या स्नायुबंधासाठी पीआरपी करायचं होतं, म्हणून सगळी क्रिया जवळून बघता आली. सिस्टरनं त्याच्या दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त काढलं. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच सायट्रेटचं द्रावण घातलेलं होतं. नळी सेंट्रिफ्यूजच्या एका खोबणीत गेली आणि समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी, नाहीतर यंत्र थरथरतं. झाकण लागलं, घरघर सुरू झाली. काही मिनिटांनी नळी बाहेर आली तेव्हा तळाशी तांबड्या पेशी बसल्या होत्या, वर गवती पिवळा प्लाझ्मा होता आणि दोन्हींच्या मध्ये कागदाएवढा पातळ, पांढुरका थर. वरचा पिवळा भाग त्या थरासकट अलगद ओढून घेतला आणि पुन्हा फिरवला. शेवटी सिरिंजमध्ये उरला तो चार-पाच मिलीलीटर गढूळ पिवळा द्रव. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत तो आत सोडला. मुलानं दात आवळले. ती जागा बधिर केली नव्हती, कारण बधिर करणाऱ्या औषधानं प्लेटलेट्सचं काम बिघडू शकतं. पुढचे दोन-तीन दिवस ठणका वाढेल, पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, हेही त्याला बजावलं.

मागची कल्पना सरळ आहे. जखम झाली की प्लेटलेट्स तिथं जमतात, रक्त थांबवतात आणि पोटातल्या कणिकांमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात. मग हीच प्रथिनं जास्त प्रमाणात जखमेत नेऊन सोडली तर भरून येण्याचा वेग वाढेल, असा हिशेब. १९९०च्या दशकात जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतशल्यविशारदांनी तो आधी मांडला. खेळात त्याचा गाजावाजा झाला २००९ साली, अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलआधी. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या हाइन्स वॉर्डनं दुखावलेल्या गुडघ्यात पीआरपी घेतलं, तो अंतिम सामना खेळला आणि त्याचा संघ जिंकला. त्यानंतर ही सुई जगभर पोचायला वेळ लागला नाही.

सांगलीच्या मुलाला मात्र डॉक्टरांनी ती दिली नाही. भावाचा चेहरा पडला. पैशांची तयारी करून आलोय, असं त्यानं दोनदा सांगितलं.

फाटलेलं कसं जुळतं

डॉक्टरांनी नकार का दिला हे कळायला आधी मांडीत काय घडतं ते बघावं लागतं. वेगानं धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला लागायच्या आधीच्या क्षणी मांडीमागचे स्नायू त्याला लगाम घालतात. ते ताणलेही जात असतात आणि जोरही लावत असतात. फाटतं ते त्याच क्षणी, आणि बहुतेकदा बाहेरच्या बाजूच्या बायसेप्स फिमोरिस या स्नायूत, जिथं मांस स्नायुबंधाला मिळतं तिथं.

मग रक्त साचतं, सूज येते. सूज म्हटलं की आपण ती उतरवायच्या मागे लागतो, पण पहिल्या काही दिवसांत ती सफाईचं काम करत असते. मेलेल्या तंतूंचे तुकडे भक्षक पेशी गिळतात आणि त्याच वेळी स्नायूच्या तंतूंना चिकटून निजलेल्या सॅटेलाइट पेशींना जाग आणतात. या पेशी १९६१ साली ॲलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या विभागतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू घडवतात. सोबतच शरीर फाटलेल्या जागी तंतुमय व्रणाचं ठिगळही लावत असतं. ठिगळ लवकर लागतं, नवा स्नायू सावकाश येतो. ठिगळ जाड झालं तर पुढच्या वेळी त्याच्या कडेला फाटतं.

पीआरपीची खरी अडचण इथं आहे. प्लेटलेट्समधून जी प्रथिनं सुटतात त्यांत स्नायू घडवायला मदत करणारी आहेत, तशी टीजीएफ-बीटासारखी व्रण वाढवणारीही आहेत. सुई निवड करत नाही, सगळंच सोडते. शिवाय स्नायूला मुळात रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. फाटल्याबरोबर तिथं शरीरानं स्वतःच्या प्लेटलेट्स ओतलेल्याच असतात.

खारं पाणी आणि प्लाझ्मा

कल्पना तपासायची रीत एकच. काहींना प्लाझ्मा द्यायचा, काहींना नुसतं सलाइन, आणि कोणाला काय मिळालं हे खेळाडूलाही कळू द्यायचं नाही, उपचार करणाऱ्यालाही नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नेमकं हे केलं आणि २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापला. मांडीमागचा स्नायू ताजा फाटलेले ऐंशी खेळाडू, सगळ्यांना सारखाच व्यायाम. प्लाझ्मा घेतलेल्यांना खेळात परतायला लागलेला मध्यक काळ बेचाळीस दिवस. खारं पाणी घेतलेल्यांना बेचाळीस दिवस. पुन्हा तीच दुखापत होण्याचं प्रमाण एका गटात १६ टक्के, दुसऱ्यात १४.

त्याच वर्षी मलेशियातून वेगळा सूर आला होता. अठ्ठावीस रुग्णांत पीआरपी घेतलेले सरासरी सत्तावीस दिवसांच्या आत परतले, न घेतलेल्यांना बेचाळीसहून जास्त दिवस लागले. पण तिथं न घेतलेल्यांना खोटी सुईही दिली नव्हती. सुई मिळालेल्या खेळाडूला ती मिळाल्याचं माहीत होतं, आणि सुईवरचा विश्वास किती बळ देतो हे आपल्याकडे कुठल्याही गावच्या दवाखान्यात दिसतं. पुढच्या वर्षी कतारमधल्या अस्पेतार रुग्णालयानं नव्वद व्यावसायिक खेळाडूंवर केलेल्या चाचणीतही, सुई न घेता नीट व्यायाम केलेल्यांपेक्षा पीआरपी घेतलेले ठळकपणे लवकर परतले नाहीत.

मला यातला बेचाळीस हा आकडा महत्त्वाचा वाटतो. चांगल्या देखरेखीखाली, शिस्तीत व्यायाम करून मांडी भरायला सहा आठवडे लागले, आणि ते सिरिंजमधल्या द्रवाकडे बघून कमी-जास्त झाले नाहीत. दुखापत हलकी असेल तर कमी दिवस लागतात, स्नायुबंध फाटला असेल तर कितीतरी जास्त. डॉक्टरांनी सांगलीच्या मुलाला हेच सांगितलं, त्याच्या भाषेत. शेवटी म्हणाले, “बाळा, मी सुई दिली तर तू तिसऱ्या आठवड्यात पळशील. बरा झालास म्हणून नाही, सुई घेतलीस म्हणून.”

म्युनिकचे डॉक्टर

तरीही जगातले मोठमोठे खेळाडू सुईसाठी विमान पकडून जात राहिले. त्यातल्या बऱ्याच जणांचा पत्ता एकच होता, म्युनिकमधला हान्स-विल्हेल्म म्युलर-वोलफार्ट यांचा दवाखाना. १९७७पासून ते दीर्घकाळ बायर्न म्युनिकचे डॉक्टर होते, पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचेही. त्यांची ख्याती बोटांची. यंत्राआधी ते हातानं चाचपून स्नायूतली गाठ, ताण, फट शोधत. मग तिथं आणि कंबरेच्या मणक्यांलगत सुया देत. त्यांत ॲक्टोव्हेजिन असे, म्हणजे वासरांच्या रक्तातून प्रथिनं काढून टाकून उरलेला अर्क, आणि ट्रॉमील नावाचं होमिओपॅथिक मिश्रण.

युसेन बोल्ट त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात होता. जुलै २०१६मध्ये मांडी दुखावल्यानं तो जमैकाच्या निवड चाचणीतून बाहेर पडला, म्युनिकला गेला आणि ऑगस्टमध्ये रिओत तीन सुवर्णपदकं जिंकला. त्यापुढच्या ऑगस्टमध्ये लंडनला, कारकिर्दीतल्या शेवटच्या शर्यतीत, रिले धावताना मांडीमागचा स्नायू धरून तो ट्रॅकवर कोसळला. या दोन प्रसंगांतून सुईच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही. खेळाडूंच्या गप्पांत मात्र रिओ राहतं, लंडन गळून जातं.

म्युलर-वोलफार्टना मी मानतो, पण सिरिंजसाठी नाही. स्नायूच्या दुखापतींना नीट नावं आणि प्रती द्याव्यात म्हणून २०११ साली म्युनिकमध्ये तज्ज्ञांची जी बैठक झाली, तिच्या पुढाकारात ते होते. स्नायू नुसता आखडला आहे की खरंच फाटला आहे हा भेद त्या बैठकीनं ठळक केला. चाचपणाऱ्या बोटांना जे आधी कळत होतं, ते इतरांना वापरता येईल अशा रीतीनं कागदावर आलं.

तालुक्याची सुई

पीआरपी ही पैसेवाल्यांची गोष्ट झाली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या पैलवानाच्या दंडात किंवा कुल्ल्यात जी सुई जाते तिला सेंट्रिफ्यूज लागत नाही. तिचं नाव ‘डेक्सा’, ‘डायक्लो’, नाहीतर ‘केनाकोर्ट’.

कोल्हापूरच्या एका तालमीत संध्याकाळची मेहनत संपल्यावर वस्तादांशी बोलत बसलो. हौद्यातली तांबडी माती नुकतीच उकरलेली, पोरं अंग पुसत होती. कोणाला काय सुई दिलीय हे त्यांना विचारायची सोय नसते, पोरं सांगत नाहीत. तालमीत आधी मालीश होतं, मग शेक, तरी दुखणं हटलं नाही की पोरगा गुपचूप गावातल्या डॉक्टरकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी हसत हौद्यात उतरतो. “मग मला कळतंय,” वस्ताद म्हणाले, “एका रात्रीत दुखायचं थांबलं, म्हंजी सुई घेतलीया.”

त्या हसण्याची किंमत मोठी आहे. डेक्सामेथासोन, ट्रायॲमसिनोलोन ही स्टेरॉइडं सूज झटक्यात उतरवतात. पण सफाई करणाऱ्या भक्षक पेशी त्याच सुजेबरोबर येतात. १९९९ साली अमेरिकेत उंदरांच्या दुखावलेल्या स्नायूत कॉर्टिकोस्टेरॉइड देऊन पाहिलं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत स्नायूचा जोर वाढलेला दिसला. पुढे मात्र तोच स्नायू झिजला, भरून आला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये मांडीच्या दुखापतीवर अशी इंजेक्शनं घेतलेल्या खेळाडूंना तोटा झाला नाही, असं सांगणारी पाहणीही आहे, पण त्यात तुलनेला सुई न घेतलेला गट नव्हता. स्नायुबंधाजवळ वारंवार स्टेरॉइड दिलं तर तो तुटायचा धोका असतो, यावर मात्र फारसं दुमत नाही.

जागा बधिर करून खेळणं त्याहून वाईट. ब्युपिव्हाकेन हे भूल देणारं औषध स्नायूच्या तंतूंना थेट मारतं. प्रयोगशाळेत प्राण्यांचा स्नायू मुद्दाम दुखवून त्याची वाढ अभ्यासायची असते तेव्हा संशोधक हेच औषध टोचतात. फाटलेल्या स्नायूत ते सोडून पैलवानाला लढतीला उभं करणं म्हणजे दुखण्याचा इशाराही बंद करायचा आणि जखमही वाढवायची.

स्टेरॉइडच्या बाबतीत आणखी एक फास आहे, आणि तो तालमींपर्यंत नीट पोचलेला नाही. १ जानेवारी २०२२पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे वाडानं, स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडची कुठलीही सुई निषिद्ध केली, मग ती सांध्यात दिलेली असो की स्नायूत. स्नायूत दिलेलं डेक्सामेथासोन शरीरातून जायला पाच दिवस धरतात. स्नायूत दिलेल्या ट्रायॲमसिनोलोनला साठ दिवस. पौषात जत्रेच्या मैदानासाठी घेतलेल्या एका सुईपायी फाल्गुनातल्या राष्ट्रीय स्पर्धेत पोरगा सापडू शकतो. गावच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिलेली असली तरी उपचारासाठीची रीतसर सूट नसेल तर उपयोग नाही. पीआरपीचं उलटं झालं. २०१० साली वाडानं स्नायूत पीआरपी देण्यावर बंदी घातली, आणि त्यानं ताकद वाढते याचा पुरावा नाही म्हणून २०११ साली ती उठवली. ज्या सुईला गरीब पैलवानाच्या आवाक्यात जागा नाही तिला मोकळीक, आणि जी शंभर-दोनशे रुपयांत मिळते ती त्याची कारकीर्द घेऊ शकते.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. व्यायामशाळांतून पोरं मेफेंटरमाइन टोचून घेतात, त्याचा दुखापतीशी काही संबंध नाही. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणणारं ते औषध आहे. दम वाढतो म्हणून ते घेणं हा सरळ जिवाशी खेळ आहे आणि वाडाच्या यादीतही ते उत्तेजक म्हणून आहे. पण ज्या मुलाला एकदा सुईनं उभं राहायची सवय लागते त्याला दुसरी सुई परकी वाटत नाही, ही काळजी वस्तादांनी स्वतःहून बोलून दाखवली.

मैदान चुकलं तर

घाई पोरांच्या स्वभावात आहे असं म्हणून सुटता येत नाही. गावजत्रांची मैदानं हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत. त्या काही महिन्यांच्या इनामावर वर्षाचा खुराक चालतो. दूध, बदाम, तूप, मटण यांचा खर्च घरचं शेत उचलत नाही. कबड्डीवाल्याचं गणित निराळं, पण तेवढंच कडक. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी राज्य, राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात, आणि निवड चाचणी वर्षातून एकदा येते. सांगलीच्या मुलाची चाचणी महिन्यावर होती. भाऊ सुईचे पैसे घेऊन आला होता तो त्या तारखेसाठी.

वर आपण प्रेक्षक. ७ एप्रिल २०१८ला वानखेडेवर चेन्नई आणि मुंबईचा सामना आठवून बघा. पुण्याचा केदार जाधव मांडी धरून बाहेर गेला होता. नववा गडी पडल्यावर लंगडत परत आला, शेवटच्या षटकात मुस्तफिझुरला षटकार आणि चौकार मारून जिंकून दिलं. मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो त्या हंगामात एकही सामना खेळू शकला नाही. सप्टेंबरमध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात, दुबईत, मांडीनं पुन्हा दगा दिला. तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आला, शेवटच्या चेंडूवर भारत जिंकला. त्याच्या धैर्याला माझा सलाम आहे. पण त्याच्यामागे फिजिओ होते, स्कॅन होते, पुढचे कित्येक महिने सांभाळणारी यंत्रणा होती. तेच दृश्य बघून मोठा झालेला जिल्हा पातळीवरचा मुलगा मैदानात परत जातो तेव्हा त्याच्यामागे कोण असतं?

टाचा धरणारा जोडीदार

ज्या उपचारानं खरोखर दिवस कमी होतात तो सिरिंजमध्ये मावत नाही. स्वीडनमध्ये कार्ल आस्कलिंग यांनी पंचाहत्तर अव्वल फुटबॉलपटूंची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला मांडीमागचा स्नायू लांबवत जोर लावायचे व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचे. २०१३ साली निकाल आला. पहिला गट सरासरी अठ्ठावीस दिवसांत परतला, दुसरा एक्कावन्न. कुठल्याही औषधाच्या सुईनं असा फरक दाखवलेला नाही. सुरुवात दुखापतीनंतर पाचव्या दिवशी होते आणि दुखू न देता रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं असतं. यासाठी रोज बघणारा माणूस लागतो, आणि तोच आपल्याकडे नाही. प्लाझ्माच्या एका सुईला काही हजार रुपये मोजायला घरं तयार होतात. तालमी, मंडळं, जिल्हा क्रीडा संकुलं यांच्यात फिजिओथेरपिस्टची एक फिरती जागा निघावी यासाठी कोणी भांडत नाही. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातली खरी उणीव ती आहे.

जिथं असा माणूस पोचतो तिथं काय बदलतं तेही दिसलं. वस्तादांच्या तालमीत इचलकरंजीची एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येते. पहिल्यांदा आली तेव्हा पोरं लाजली होती. तिनं आधी थांबवली ती मुक्या मारावरची रगड. मांडीला मार बसून आत रक्त साचलेलं असताना तेल लावून जोरात चोळलं, शेकलं तर कधीकधी त्या स्नायूत हाड धरतं, हे तिनं एका एक्स-रेवर दाखवलं. वस्ताद तो एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघत होते. आता पहिले तीन-चार दिवस बर्फ आणि पट्टी, मालीश नंतर.

दुसरी गोष्ट ‘नॉर्डिक’. एकानं गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं मागून त्याच्या टाचा जमिनीला दाबून धरायच्या, आणि अंग ताठ ठेवून पुढे झुकत झुकत, पडणं मांडीमागच्या स्नायूंनी रोखत जायचं. यंत्र नको, पैसा नको. डेन्मार्कमध्ये पन्नास फुटबॉल संघांतल्या ९४२ खेळाडूंवर हे करून बघितलं. व्यायाम न केलेल्यांत मांडीमागच्या ५२ दुखापती झाल्या, केलेल्यांत १५. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाचाचे दोन फेर. मग वाढवत पाचव्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्याला तीन दिवस, बारा, दहा आणि आठ.

वस्तादांनी तो तक्ता भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं उतरवून घेतला आहे, जोर-बैठकांच्या आकड्यांखाली. मैदानं सुरू व्हायच्या आधी दहा आठवडे पदरात पडायचे तर सुरुवात भाद्रपदातच करायला हवी, असा त्यांनी हिशेब मांडला. हलक्या वजनाची पोरं रुळली आहेत. अडलंय ते शंभर किलोच्या वरच्यांचं. झुकायला लागले की टाचा धरणारा जोडीदारच उचलला जातो. वस्ताद म्हणतात दोघांनी धरायचं. ती म्हणते दोघांचा जोर सारखा लागत नाही, दोरखंडाचा फास करून खांबाला बांधू. त्या संध्याकाळी दोघं फूटपट्टी घेऊन खांबाच्या बुडाशी बसली होती, फास जमिनीपासून किती उंचीवर घ्यायचा याची मापं काढत.